एकविसावा हात

साहेबांनी कंपनी आम्हाला दिली, त्या दिवशी आधी कोणाला काही कळलंच नाही. शनिवारी दुपारी सगळी मशीनं बंद करून आम्हाला पॅकिंगच्या हॉलमध्ये बोलावलं, तेव्हा आम्हा बायकांना वाटलं, झालं, कंपनी बंद होतेय. मानपाड्याला आमच्याच गल्लीतल्या दोन कंपन्या अशाच बंद झालेल्या. माझ्या बाजूची तर आधीच रडायला लागलेली.

आमच्याकडे रबराचे भाग बनायचे. पंपाचे वॉशर, गाड्यांचे बुश, असला माल. माणसं एकतीस. पुरुष गरम प्रेसवर कच्चं रबर साच्यात दाबायचे. साच्यातून निघालेल्या तुकड्याला कडेने रबराची पातळ झालर सुटते, ती आम्ही बायका कात्रीने कापायचो. मी बारावी झालेली, अक्षर बरं, म्हणून माल तपासायचं आणि रजिस्टर लिहायचं कामही माझ्याकडेच आलेलं.

साहेब नौपाड्यात राहायचे. पंचाहत्तरी ओलांडलेली, बायको वारलेली, एकुलती मुलगी कॅनडात. तिला रबरात काही रस नव्हता. ते टेबलाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "ही जागा विकली तर मला भरपूर मिळेल, आणि तुम्ही रस्त्यावर याल. मला ते करायचं नाही. कंपनी तुमच्या नावे करतोय. एकतीस माणसं, एकतीस सारखे हिस्से."

मग मागून आवाज आला, "साहेब, मग दिवाळीचा बोनस कोण देणार?"

साहेब इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. "तुम्हीच," ते म्हणाले. "तुम्हीच तुम्हाला द्यायचा."

त्यानंतर दोन महिने दर शनिवारी त्यांनी आमची शाळाच घेतली. आपण करतोय ते काही वेडेपण नाही, हे त्यांना आम्हाला पटवायचं होतं. विलायतेत शंभर वर्षांपूर्वी एका दुकानदाराने आपलं अख्खं दुकान नोकरांच्या नावे कसं केलं, पुढे तिथे किती मालकांनी तेच केलं, आपल्याकडे दक्षिणेत मालक काम बंद करून निघून गेल्यावर विड्या वळणाऱ्यांनी स्वतःचीच संस्था कशी काढली, बंगालकडे बंद पडलेले चहाचे मळे मजुरांनी कसे चालवले, सगळं सांगायचे. कुठे जमलं, कुठे मोडलं, तेही सांगायचे. त्यांनी याच्यावर खूप वाचलेलं. आम्ही ऐकायचो, पण खरं सांगायचं तर अर्ध्यांचं लक्ष घड्याळाकडे असायचं.

शेवटच्या शनिवारी साहेबांचे वकील आले. त्यांनी नियम मराठीत वाचून दाखवले. एका माणसाला एक मत. नोकरी सुटली की हिस्सा कंपनीकडे परत. दर वर्षी अध्यक्ष निवडायचा. आणि दोन तृतीयांश सभासदांनी हात वर केले तर कोणत्याही सभासदाला काढता येईल. वकील हे वाक्य वाचून थांबले, म्हणून आम्हाला वाटलं इथे टाळ्या वाजवायच्या. आम्ही वाजवल्या.

आमचा सुपरवायझर अध्यक्ष झाला, मी सेक्रेटरी. सोनारपाड्याच्या आमच्या चाळीत माझी सासू दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमची सून मालकीण झालीय हो कंपनीची." मी तिला आत ओढायचे, पण खोटं का बोलू, मला ते ऐकायला आवडायचं.

पहिले सहा महिने आम्ही वेड्यासारखं काम केलं. कोणी सांगायची गरजच नव्हती. गळका पत्रा रविवारी येऊन आमचा आम्ही बदलला. पण हळूहळू एक वेगळंच सुरू झालं. आम्ही एकमेकांवर नजर ठेवायला लागलो. साहेबांच्या वेळी कोण संडासात किती वेळ बसतं, हे कोणी बघत नव्हतं. आता आम्हीच बघायला लागलो. चहाची सुट्टी वीस मिनिटांची होती, ती आम्हीच दहाची केली. एका बाळंतिणीचं बाळ चार महिन्यांचं होतं, ती म्हणाली, अजून दोन महिने घरी राहू का? आम्ही बायकांनीच तिला सांगितलं, "अगं, तू मालक आहेस ना? मग घरी बसून कसं चालेल?" ती आली. दुपारी पॅकिंगच्या खोक्यांमागे जाऊन छातीतलं दूध पिळून टाकायची. मी ते बघितलंय. बघून पुन्हा कात्री हातात घेतलीय.

तीन नंबरच्या प्रेसवर एक काका होते. बाळकुमच्या कोळ्यांतले. बापाची होडी होती, पण खाडीत मासळी राहिली नाही म्हणून तरुणपणीच कंपनीत लागलेले. खाडीपलीकडच्या बाळकुमहून मानपाड्याला दोन-तीन गाड्या बदलून यायचे, आणि तरी माझ्या आधी पोचलेले असायचे. मी नवीन लागले तेव्हा गरम तुकडा हातात कसा धरायचा, कात्री कशी तिरपी चालवायची, हे मला त्यांनीच शिकवलं. ते मला 'पोरी' म्हणायचे. कधी सुका जवळा आणायचे कागदात बांधून.

काकांना नीट दिसत नव्हतं. साच्यात रबर कमी पडलंय की पुरेसं, ते अंदाजानेच ठरवायचे. त्यांच्या मशीनचा माल माझ्याकडे यायचा तेव्हा दहातले दोन-तीन तुकडे अर्धवट भरलेले असायचे. साहेबांच्या वेळी मी ते गुपचूप भंगाराच्या गोणीत टाकायचे. रजिस्टरला लिहायचे नाही. काही वर्षं असंच चाललं. त्यांनाही ते माहीत होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

कंपनी आमची झाली आणि मी लिहायला लागले.

मला कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. एक दिवस गोणीत टाकायला उचललेले तुकडे माझ्या हातात होते आणि मनात आलं, हे तर आपलंच रबर. आधी नुकसान व्हायचं ते साहेबांचं. आता माझं होत होतं. मी तुकडे मोजले आणि लिहिले: तीन नंबर, चौदा खराब.

चार-पाच दिवसांनी काका डबा खाऊन माझ्या टेबलाशी आले. "पोरी, तीन नंबरचं लिवतंस तू आता?"

"लिहावं लागतं काका," मी म्हणाले. "आता आपलीच कंपनी आहे ना."

"हां," ते म्हणाले. "आपलीच हाय." आणि मशीनवर गेले. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक तुकडा डोळ्याशी नेऊन बघितला. त्यामुळे माल निम्मा निघाला. मी तेही लिहिलं.

मग आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस आला. पंपांची कंपनी होती. त्यांच्याकडून दोन पेट्या परत आलेल्या. तो म्हणाला, माल सुधारला नाही तर पुढची ऑर्डर दुसरीकडे जाईल. अध्यक्षांनी माझं रजिस्टर मागितलं. मी दिलं. सगळ्या पानांवर तीन नंबर.

सभा शनिवारीच ठेवली, त्याच हॉलमध्ये. काका दुसऱ्या ओळीत बसलेले. अध्यक्ष त्यांच्याकडे न बघता बोलत होते. "कोणाशी वैर नाही. पण एका माणसामुळे तीस माणसांच्या पोटावर पाय येतोय. साहेब असते तर..." इथे ते अडखळले. मग म्हणाले, "ठराव असा आहे की यांना कामावरून कमी करून सभासदत्व रद्द करावं. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

मोजणं माझं काम. एकतीस सभासद, एकवीस हात लागणार होते. हात एकदम वर आले नाहीत. एक आला, त्याच्याकडे बघून दुसरा, मग ओळीच्या ओळी. ती बाळंतीण, तिचाही आला. मी दोनदा मोजले. वीस.

"वीस आहेत," मी म्हणाले.

अध्यक्ष माझ्याकडे बघत राहिले. मग सगळेच बघायला लागले. माझ्या उजव्या हातात पेन होतं. मी तो हात वहीवरच ठेवला. मी नाही म्हणाले नाही आणि हो म्हणाले नाही. मला वाटलं, कोणीतरी दुसऱ्याने करावं. मी वहीतल्या रेघा बघत होते.

तेवढ्यात काकांनी हात वर केला.

कोणाला आधी समजलंच नाही. अध्यक्ष म्हणाले, "काका, तुमचा हात खाली घ्या, हे तुमच्याचबद्दल आहे."

"मना ठाव हाय," काका म्हणाले. "मी पन सभासद हाय ना? मंग माजा हात मोजा." मग माझ्या दिशेला वळून म्हणाले, "पोरी, एकवीस झाले. लिव."

मी लिहिलं. त्या क्षणी मला काय वाटलं, ते मी आजवर घरीही सांगितलेलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. माझा हात वाचला. नंतर अध्यक्ष म्हणाले की एकवीस-बिकवीस नको, 'एकमताने' असं लिहा, बरं दिसतं. मी खोडून तसं लिहिलं.

काकांना शाल आणि नारळ दिला. फोटो काढला. फोटोत आम्ही सगळे हसतोय.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी मला नौपाड्याला बोलावून घेतलं. अधूनमधून ते असे बोलवायचे, कंपनीचं कसं चाललंय ते विचारायला. पहिल्या मजल्यावरचं घर, सांभाळायला एक बाई. त्यांनी मला समोर बसवलं, चहा यायची वाट बघितली आणि मग विचारलं, "आतापर्यंत कोणाला काढलंत का?"

मी दचकले. "एकालाच."

"तीन नंबरवाल्याला?"

मी मान हलवली. साहेबांनी कपातला चहा बशीत ओतला. "त्याला दिसत नाही, हे मला चार वर्षांपासून माहीत होतं. तुम्ही माल लपवता, तेही माहीत होतं. रबराचं वजन कळतं हो मला."

"मग तुम्ही का नाही..."

"कसा काढू? तीस वर्षं माझ्याकडे होता. सकाळी समोर येऊन नमस्कार करायचा. दर महिन्याला ठरवायचो आणि दर महिन्याला राहून जायचं." त्यांनी बशी तोंडाला लावून खाली ठेवली. "मी कंपनी तुम्हाला चांगल्या मनाने दिली, बाई. त्यात शंका घेऊ नका. पण कागदावर सही करताना एक ओझं उतरलं असं वाटलं, हेही खरं. हे सगळं आता तुम्हालाच करावं लागणार होतं."

साहेब वाईट माणूस होते, असं मी आजही म्हणणार नाही. त्यांनी जमीन विकली नाही, आमची घरं चालली. पण त्यांना जमलं नाही, ते काम त्यांनी आमच्या हातात दिलं, आणि आम्ही ते वर्षाच्या आत करून टाकलं.

काकांचा हिस्सा कंपनीकडे परत घ्यायचा तर कागदावर त्यांची सही लागत होती. दोन महिने मी टाळलं. शेवटी अध्यक्ष चिडले, तेव्हा गेले. बाळकुमला चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत. त्यांच्या मधल्या जुन्या गावात काकांचं घर. काकी दारातच कोलंबी सोलत बसलेल्या, बाजारात न्यायला. त्यांनी मला ओळखलं.

"आयल्या, मालकीणबाई आयल्या," त्या आत बघून म्हणाल्या. मला त्यांनी बस म्हटलं नाही.

काका बाहेर आले. डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांनी तो काढला आणि माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं. "टिकली लाल हाय तुजी," ते म्हणाले. "मी आजपर्यंत काली समजत होतो."

भाचीने त्यांना ठाण्याच्या सरकारी इस्पितळात नेलेलं. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. एकाचं ऑपरेशन झालं, मग महिन्याने दुसऱ्याचं. "अर्ध्या तासाचं काम," काका म्हणाले. "एक पैसा घेतला नाय."

मी कागद हातात धरून उभी होते. इतकी वर्षं मी त्यांचे तुकडे लपवले आणि स्वतःला चांगली समजले. नंतर लिहायला लागले आणि स्वतःला प्रामाणिक समजले. पण काका, एकदा डोळे दाखवून या, एवढं माझ्या तोंडून कधीच निघालं नाही. साहेबांच्याही नाही. आम्हा एकतीस माणसांपैकी एकाच्याही नाही.

त्यांनी कागद हातात घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. बोट लावून, सावकाश. मी त्यांना वाचताना पहिल्यांदाच बघितलं. सही करून म्हणाले, "तीन नंबरवर कोन हाय आता?"

"ठेकेदाराकडून घेतलाय एक. झारखंडचा आहे."

"त्याला हिस्सा दिला?"

"नाही."

"बरं केलात," काकी खालूनच म्हणाल्या. कोलंबीचं डोकं तोडून त्यांनी बाजूला फेकलं. "त्याला काढाला सभा नको भरवाला."

निघताना काका वाटेपर्यंत आले. "मी मशीन चालवीन अजून," ते म्हणाले. "इचार तिथं."

मी विचारलं. कंपनीचा कारभार बघणाऱ्या कमिटीत आम्ही पाच जण होतो. अध्यक्ष म्हणाले की माणूस चांगला आहे, डोळे आले असतील तर आनंदच आहे, पण सभासद करायचं म्हणजे पुन्हा सगळ्यांच्या हिश्श्यातून काढून त्याला द्यायचं. आणि एकदा काढलेल्याला घेतलं तर ठरावाला काय किंमत राहिली? ठेकेदाराकडून यायचं असेल तर येऊ दे. बाकीच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. निदान परत तर येतील, असं मी स्वतःला सांगितलं.

ते आले. पगार आधीच्या निम्मा, सुट्टी नाही, ओळखपत्र ठेकेदाराचं. झारखंडवाल्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून फोनवर कळवलं. काकी म्हणाल्या तसंच झालं. सभा लागली नाही.

आता या गोष्टीला तीन वर्षं होतील. तीन नंबरचा माल सगळ्यात चांगला निघतो. पंपांची कंपनी खूश आहे, ऑर्डर वाढलीय. सभासद निवृत्त होतो तेव्हा त्याच्या जागी आम्ही नवा सभासद घेत नाही, ठेक्यावर माणूस घेतो, वाढलेल्या कामालाही ठेक्याचीच माणसं. त्यामुळे आम्ही मालक आता चोवीस आहोत आणि ठेक्याची माणसं एकोणीस. साहेब गेल्या वर्षी वारले. हॉलमध्ये त्यांचा फोटो लावलाय. मोठ्या कारखान्यांतली आणि संस्थांतली माणसं आमची कंपनी बघायला येतात, कामगारांनी मालकी कशी चालवली ते विचारतात. अध्यक्ष त्यांना साहेबांची विलायतेतल्या दुकानदाराची गोष्ट सांगतात.

काका मला आता मॅडम म्हणतात. मी एकदा म्हणाले, काका, असं नका ना म्हणू. त्यांनी मशीनवरची नजर काढली नाही. "सगले म्हनतात," ते म्हणाले. जवळा त्यांनी परत कधी आणला नाही.

वर्षातून एकदा सभासदांची सभा असते, तेव्हा ठेक्याच्या माणसांना गेटबाहेर चहा देऊन बसवतात. यंदाही बसवलं. विषयपत्रिकेत सातवा विषय होता, जुन्या ठेका कामगारांना हिस्सा द्यावा का. तो मीच घातलेला, सलग तिसऱ्या वर्षी. अध्यक्ष घड्याळ बघून म्हणाले, "उशीर झालाय, हा पुढच्या वर्षी घेऊ." कोणी हरकत घेतली नाही. विषय घालणारी मी, पण मीही घेतली नाही. 'पुढे ढकलला' असं लिहिलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि बाहेर जाऊन सांगितलं, या आत, झाली सभा. एकोणीस जण उठले, चहाचे कागदी कप गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि माझ्या बाजूने आत गेले. प्रेस तोवर गार पडलेल्या. त्या पुन्हा तापायला तास लागतो, म्हणून अध्यक्षांनी त्यांना त्या दिवशी तासभर जास्त थांबवलं.